निरक्षर मिळेनात

उचगावच्या फाट्यावर केएमटीची बस येऊन थांबली. तिच्या कपाळावर 'शिवाजी चौक' अशी हातभर अक्षरं होती. तरी कृष्णातच्या आईनं शेजारच्या माणसाला विचारलं, "पावणं, ही गाडी कुठं जाती?"

"चौकात जाती की, मावशी," तो माणूस म्हणाला. त्याच्या हातात दुधाची रिकामी किटली होती. "तुमास्नी कुठं जायाचं हाय?"

"काय की बाबा. लेक न्हील तिकडं."

एवढं बोलून तिनं नऊवारीचा सोगा सावरला, दांडीला धरलं आणि ती गाडीत चढलीसुद्धा. कृष्णात खालीच उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात अध्ययन केंद्राची निळी दोरी, दोरीच्या टोकाचं ओळखपत्र खिशात दडवलेलं. त्याला आधी वाटलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली असेल. मग वाटलं, चष्मा विसरली असेल. पण चष्मा तर तिच्या नाकावरच होता, सकाळी त्यानंच पुसून दिलेला. "ओ सर, यायचं हाय का ऱ्हायचं?" असं कंडक्टर खेकसला तेव्हा तो चढला आणि तिच्या शेजारी बसला. ती खिडकीपाशी बसली होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, आणि त्यानं विचारलं नाही.

विचारायला झालं तरी काय होतं? म्हाताऱ्या बायका गाडी विचारतात. चारचौघात बोलायला तेवढंच निमित्त. पण त्याची आई, तानाबाई मेंगाणे, विचारत नसे. तीसेक वर्षं तिनं कुणाला गाडी विचारली नव्हती, आणि का विचारली नव्हती हे घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. मेंगाणे मुरगूडला राहत होते तेव्हाची गोष्ट. गारगोटीकडं तिचं माहेर. तिकडून सांगावा आला की आईचं काही खरं नाही, तोंड बघायचं असेल तर ये. तानाबाई स्टँडवर आली, लागलेल्या गाडीकडं बोट दाखवून एका पावण्याला म्हणाली, ही गारगोटीची का? पावण्यानं तंबाखू मळता मळता मान हलवली. आणि ती निपाणीत जाऊन उतरली. तिथं पुन्हा विचारायची लाज वाटली. एकदा विचारून फसलेलं माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही. दुपार टळेपर्यंत ती त्या परक्या स्टँडवर बसून राहिली. समोरून गाड्या येत होत्या, जात होत्या, प्रत्येकीवर काहीतरी लिहिलेलं होतं, आणि त्यातलं काही तिच्यासाठी नव्हतं. शेवटी झाडूवाल्या बाईनं हाताला धरून तिला गाडीत बसवलं. माहेरच्या दारात पोचली तेव्हा माणसं मातीहून परत येऊन आंघोळी करत होती. तानाबाई रडली नाही म्हणतात. म्हणाली, "परत म्हणून कुणाला गाडी इचारायची न्हाय."

त्याच वर्षी गावोगाव साक्षरतेची लाट आली होती. पुष्कळ लाटा येतात आणि गावाच्या पायऱ्या ओल्या करून जातात. पण मुरगुडात जोतीराम गुरुजी होते. रोजगाराहून परतलेल्या बायका शाळेच्या सोप्यात बसून पेंगतात हे दोन-चार दिवस बघितल्यावर गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि सगळ्या वर्गाला स्टँडवर नेऊन उभं केलं. म्हणाले, हे तुमचं पुस्तक. कागलच्या गाडीवरून 'क' शिकवला, गारगोटीच्या गाडीवरून 'ग'. ड्रायव्हर हसायचे, पोरं शिट्ट्या मारायची, आणि डोक्यावर पदर घेतलेल्या बायका एसटीच्या पाटीकडं माना वर करून ओरडायच्या. कृष्णातचा बाप ज्ञानू म्हणाला, "आता काय कलेक्टर हुतीस व्हय?" तानाबाई म्हणाली, "हुतो की. तुमचं काय जातंय?" आणि मग तिनं जे वाचायला घेतलं ते आयुष्यभर थांबली नाही. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं, भिंतीवरची पुढाऱ्यांची नावं, सगळं मोठ्यानं. कृष्णात कोल्हापुरात कॉलेजला होता तेव्हा ती त्याच्याबरोबर गाडीतून यायची आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात कावळा नाक्यापासून पाट्या वाचत सुटायची. पोरीबाळी माना वळवून बघायच्या. तो दात-ओठ खाऊन म्हणायचा, "आई, मनातल्या मनात वाच की." ती म्हणायची, "का? चोरी हाय व्हय?"

आत्ता गाडी कावळा नाका ओलांडून पुढं आली होती. हॉटेलं, टायरची दुकानं, दवाखाने, क्लासेसच्या पाट्या, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक, त्यावर गॉगल लावलेली तोंडं. वाचणाऱ्याला कोल्हापूर म्हणजे अक्षरांचं ताट वाढून ठेवलेलं. तानाबाईचे डोळे उघडे होते. ओठ मिटलेले होते. कृष्णातनं हळूच तिच्या डोळ्यांकडं बघितलं. वाचणाऱ्याचे डोळे हलतात. हे त्याला ठाऊक होतं, तसं एका प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिचे हलत नव्हते. ही नाटक करतेय, की हिचं खरंच काही गेलंय? म्हातारपणी जातं. शेजारच्या पाटणकरांच्या म्हाताऱ्याला स्वतःचं घर ओळखू येईना झालं होतं. आणि मग कृष्णातच्या मनात जो विचार आला त्याची त्याला स्वतःलाच शिसारी आली: गेलं असेल तर आज नको. आजचा दिवस निभू दे.

कारण आज समारोप होता. 'शिकता परिसर' या उपक्रमाचा. शिकता परिसर म्हणजे काय हे कृष्णातलाही त्याच्या प्रशिक्षणाला गेल्यावरच कळलं होतं. जिल्ह्यातलं प्रत्येक माणूस मरेपर्यंत शिकत राहणार, शिवण शिकणार, मोबाईल शिकणार, अळिंबी लावायला शिकणार, मुलाखत द्यायला शिकणार. आणि ज्यांना काहीच येत नाही ते आधी अक्षरं शिकणार. कृष्णात एम.ए., बी.एड., सेट. उमेदीची वर्षं तासिका तत्त्वावर घासली. कायम होण्याची वाट बघता बघता बरोबरचे लोक पोल्ट्रीत गेले, विम्यात गेले, एक जण पाणीपुरीत गेला आणि सगळ्यांत चांगला निघाला. कृष्णात निरंतर अध्ययन केंद्रात आला. वर्षावर्षाचा करार. तो मुलाखतीचं तंत्र शिकवायचा. आत्मविश्वासानं खुर्चीत कसं बसावं, डोळ्यांत बघून कसं बोलावं. स्वतःच्या कराराच्या वेळी मात्र तो खुर्चीच्या कडेवर बसायचा. केंद्रात प्रशिक्षकांना प्रशिक्षण असायचं, ते देणाऱ्यांनाही प्रशिक्षण असायचं, प्रत्येकात श्रीखंड-पुरी, पडद्यावर बाण आणि वर्तुळं. शिकवायला शिकलेल्यांची रेलचेल झाली होती. अडचण एकच होती. निरक्षर मिळेनात.

"सर, आपल्या विभागाचा वर्ग भरत नाहीये," संयोगिता मॅडम म्हणाल्या होत्या. मॅडम केंद्राच्या विभागप्रमुख. कृष्णातपेक्षा वयानं लहान, बोलायला गोड, आणि करार त्यांचाही वर्षाचाच. म्हणून त्यांचा रागही धड करता येत नसे. "वर्ग भरला नाही तर उपक्रम आपल्याकडून जाईल. उपक्रम गेला तर माणसं कशाला लागतील? मी तुम्हाला वेगळं सांगायला नको."

उचगाव पालथं घातलं. लोक तोंडावर हसायचे. एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, अडाणी हुडकालाय व्हय? मुंबईला जावा, विधानसभेत मिळतील." दुसऱ्याच्या दारात म्हातारी मोबाईलवर कीर्तन बघत बसली होती, तिचा मुलगा अंगावर आला, "आमची आई अंगठेबहाद्दर दिसली काय तुम्हाला?" खरं तर निरक्षर होते. कृष्णातला सापडले होते. कागलच्या पुढं, उसाच्या फडालगत, तोडकऱ्यांच्या खोप्या पडल्या होत्या. बीडकडची माणसं. तो फटफटी घेऊन संध्याकाळी तिकडं गेला आणि खोप्यांपुढं उकिडव्या बसलेल्या बायकांनी त्याला घेरलं. त्यांच्यात बयाबाई म्हणून एक होती. तिनं पदराखालून साधा फोन काढला आणि म्हणाली, "मला लई नगं दादा. फोन वाजला की लेकीचा हाय का मुकादमाचा, येवढं न उचलता कळलं तरी बास." आठवडाभर तो रोज गेला. सांगायला कुणी लावलं नव्हतं. फोनच्या पडद्यावर 'सुमन' आणि 'मुकादम' ही दोन नावं तिला ओळखू यायला लागली त्या दिवशी ती इतकी हसली की शेजारच्या खोपीतला बैल बिचकला. घरी येताना फटफटीवर कृष्णात मोठ्यानं गात होता. आपण मास्तर आहोत असं त्याला किती वर्षांनी वाटलं होतं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी संगणकावर नोंदणी उघडली आणि ती नावं पुढं सरकेनात. पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला. "सर, ही माणसं आपल्या परिसरातली नाहीत," मॅडम म्हणाल्या. "आपला परिसर शिकायचाय." कृष्णात पुन्हा कागलला गेला नाही. जाऊन सांगणार काय होता?

मग केंद्रात हळूहळू सगळ्यांनाच वाट सापडली. कुणी कुणाला सांगितली असं नाही. एका प्रशिक्षकानं मावशीचं नाव घातलं, दुसऱ्यानं सासूचं. तिसऱ्याची आत्या तर बालवाडीची मदतनीस म्हणून निवृत्त झालेली. घराघरांतल्या शिकलेल्या म्हाताऱ्या एकेक करून अडाणी होऊ लागल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यावर हशा पिकायचा. हसणाऱ्यांत कृष्णातही होता. हसता हसताच त्याला कळलं होतं की आपल्या घरातही एक म्हातारी आहे.

तानाबाई परड्यात बसून चवळीच्या शेंगा सोलत होती. तो तिच्याजवळ उकिडवा बसला. "आई, तुझं नाव घालतोय केंद्राच्या वर्गात."

"कशाच्या? शिवणाच्या?"

"साक्षरतेच्या."

शेंग सोलणारा अंगठा थांबला. "मला वाचाय येतंय की," ती म्हणाली. जणू त्याला माहीत नसावं.

"येतंय ग. नुसतं नाव. कागदापुरतं."

"कागदापुरतं," ती म्हणाली. "मग कागदावर मी अडाणी?"

"तसं न्हाय. म्हंजे कसं हाय..."

"व्हय का न्हाय, येवढं सांग."

"व्हय."

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. कृष्णातला हायसं वाटलं. ते हायसं त्याला आता गाडीत आठवलं आणि तोंड कडू झालं. बायकोनं मात्र त्या रात्रीच सुनावलं होतं. पूर्णिमा भांडकुदळ नव्हे, पण एखादं वाक्य असं बोलते की आठ दिवस पुरावं. म्हणाली, "आईंना अडाणी लिहिलंत. उद्या विधवा कमी पडल्या तर मला काय लिहाल?" तो ताटावरून उठला होता. ओरडला होता, कुणासाठी करतो हे सगळं, हप्ते काय तुझा बाप भरणार? ते खरं होतं. खरं बोलून माणूस इतका हलका होऊ शकतो हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं.

वर्ग सुरू व्हायच्या आधी पूर्वचाचणी होती. म्हणजे कुणाला काय येत नाही ते लिहून घ्यायचं. सगळ्या मावश्या, आत्या, सासवा बाकांवर बसल्या. आदल्या दिवशी त्यानं आईला समजावलं होतं, काही लिहायचं नाही, कोरा ठेवायचा. "कायबी न्हाय? नाव बी?" "नाव बी न्हाय." इतर बायकांना मजा वाटत होती. एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या, कुणी रेघोट्या ओढल्या, कुणी फुलं काढली. तानाबाई पेन्सिल हातात धरून ताठ बसली होती. समोर कागद. त्यावर पहिला प्रश्न होता, आपल्या गावाचे नाव लिहा. तो दाराशी उभा राहून बघत होता. ती कागदाकडं बघत होती, आणि तेव्हा तिचे डोळे हलत होते, ओळीवरून ओळीवर, शेवटच्या प्रश्नापर्यंत, आणि पुन्हा पहिल्यापासून. घंटा झाल्यावर तिनं कोरा कागद आणून त्याच्या हातात दिला. पेन्सिल मात्र तिनं एवढी घट्ट धरली होती की बोटावर वळ उठला होता. "बघ, बराबर हाय का," ती म्हणाली. त्याला ते टोमण्यासारखं लागलं आणि त्याचा तिच्यावरच राग आला. बाकीच्या बायका हसून घेतात, हिलाच काय एवढं सोनं लागलंय? अंगाला भोकं पडतात काय?

वर्ग असे झालेच नाहीत, फोटोपुरते झाले. मग शेवटची चाचणी आली. त्यानं सांगितलं, आता लिही. आणि तानाबाईनं लिहिलं. तिनं गावाचं नाव लिहिलं, घरातल्यांची नावं लिहिली, आणि 'आपल्याविषयी चार ओळी लिहा' या प्रश्नाला पान भरून लिहिलं, कसं पाणी आणायला मैलभर जायचो, कसा पाऊस लागला की मुरगूडच्या नदीचं पाणी मळ्यात यायचं. जोतीराम गुरुजींनी घडवलेलं टपोरं अक्षर. संयोगिता मॅडमनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. ते खोटं नव्हतं. मॅडम मनानं वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "सर, अहो, काही महिन्यांत ही प्रगती! हीच आपली यशोगाथा. मुलगाच गुरू. समारोपाला आईंना मंचावर घ्यायचं." कृष्णात घरी येऊन आईला म्हणाला, "जरा चुकायचं नव्हं का?" ती म्हणाली, "तू कोरा ठेव म्हणालास, ठेवला. लिव म्हणालास, लिवलं. चुकायला गुरुजींनी शिकवलं न्हाय." त्या दिवसानंतर ती घरात फारशी बोलली नव्हती. आणि पाट्या? पाट्या कधीपासून बंद झाल्या होत्या? त्याला आठवेना. घरात भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं की लगेच कळत नाही, तसं झालं होतं. आज त्या पावण्याला विचारलं तेव्हा कळलं.

दसरा चौकात दोघं उतरली. सभागृह जवळच होतं. दारात रांगोळी, हार, फेटे बांधायला एक माणूस बसवलेला. मंचावरच्या फलकावर दिवे सोडले होते. एका बाजूला तिकाटण्यावर मोठा पांढरा कागद लावला होता आणि त्याच्या खालच्या पट्टीवर जाड काळा पेन ठेवला होता. मॅडम लगबगीनं आल्या, वाकून तानाबाईच्या पाया पडल्या. "आई, काही घाबरायचं नाही. नाव पुकारलं की वर यायचं, त्या कागदावर सही करायची आणि एक वाक्य बोलायचं. सरांनी सांगितलंय ना?" तानाबाईनं मान हलवली. मॅडमनी कृष्णातला बाजूला घेतलं, आवाज उतरवला. "पाहुणे फार मोठे आहेत, सर. पुढच्या वर्षीचा उपक्रम ह्यांच्या सहीवर आहे. आज हे नीट झालं की तुमचा करार मी स्वतः पुढं घालते. लेखी देते हवं तर." तो हसला. हसू आलं म्हणून नव्हे. तोंडाला तेवढंच येत होतं.

भाषणं झाली. पाहुणे म्हणाले, ज्ञान म्हणजे तिसरा डोळा. कुणी म्हणालं, शिक्षणाला वय नसतं. कृष्णात बाजूच्या पायऱ्यांशी उभा होता आणि त्याला सारखी बयाबाई दिसत होती. खोप्या कधीच उठल्या असतील. आता ती दुसऱ्या कुठल्या फडावर असेल, आणि तिचा फोन वाजत असेल. निदान तेवढं तरी तिला वाचता येत असेल. त्याच्या नावावर ह्या जगात खरं असं तेवढंच काम होतं आणि ते मोजलं जाणार नव्हतं. मग मॅडमचा आवाज आला, "तानाबाई ज्ञानू मेंगाणे!" टाळ्या. तानाबाई पहिल्या रांगेतून उठली, पायऱ्या चढली, कुणाचा आधार घेतला नाही. कुणीतरी तिच्या हातात नारळ दिला, तो तिनं खाली ठेवला. पाहुण्यांनी जाड पेन उचलून तिच्यापुढं धरला. "आजी, ह्या हातानं आयुष्यभर अंगठा उठवला. आज ह्याच हातानं सही होणार. लिहा."

तानाबाईनं पेन घेतला नाही. ध्वनिक्षेपक तिच्या तोंडापाशी होता. "मला न्हाय येत," ती म्हणाली.

सभागृहात मायेचं हसू उमटलं. म्हातारी लाजली, असं सगळ्यांना वाटलं. पाहुणे म्हणाले, "येतं, येतं. प्रयत्न करा."

"न्हाय येत, सायब."

मॅडमचं हसू तसंच राहिलं पण डोळे कृष्णातला शोधू लागले. त्यांनी हात केला. तो मंचावर गेला. दिव्यांचा उजेड डोळ्यांत जात होता. समोर काळोखात माणसं होती, त्यांच्या हातांत उंच धरलेले मोबाईल. त्यानं ध्वनिक्षेपकावर तळवा ठेवला आणि आईच्या कानाशी वाकला. "आई, पाया पडतो तुझ्या. सही कर."

तिनं आज पहिल्यांदाच त्याच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. वेड नव्हतं, विसर नव्हता. काहीही गेलेलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं. "माझी सही जोतीराम गुरुजींनी शिकवल्याली हाय, किस्ना," ती हळू आवाजात म्हणाली. "ती हितं न्हाय करायची मी. तू अडाणी म्हणालास, मी अडाणी झालो. आता हाय ती अशी हाय."

तो तसाच वाकलेला राहिला. एका क्षणात माणसाच्या मनात किती मावतं! ध्वनिक्षेपक घ्यावा आणि सांगावं, की ह्या बाईला मी दहा वर्षांचा होतो तेव्हापासून लिहिता-वाचता येतं. सांगावं की समोर बसलेल्या सगळ्या बायकांना येतं. सांगावं की ज्यांना येत नाही त्या उसाच्या फडात आहेत. तेवढं बोललं की आई मोकळी. तोही मोकळा; अगदी मोकळा, उद्यापासून. त्याला पूर्णिमाचा चेहरा दिसला, मॅडमचा कोमेजत चाललेला चेहरा दिसला, तासिकेच्या वर्गांतले रिकामे बाक दिसले, मुलाखतीच्या खुर्चीची कड दिसली. त्याचं वय त्रेचाळीस होतं. तळव्याखाली ध्वनिक्षेपक गरम लागत होता. त्यानं तळवा काढला, पाहुण्यांच्या हातातला पेन घेतला, आईचा उजवा हात हातात घेतला आणि तिच्या बोटांत पेन बसवून वरून मूठ आवळली. लहान पोराला गिरवायला शिकवतात तशी.

तिनं हात ओढून घेतला असता तर त्यानं सोडला असता. ही गोष्ट तो पुढं आयुष्यभर स्वतःला सांगणार होता. पण तिनं ओढला नाही. नुसता सोडून दिला. त्याच्या मुठीत तिची बोटं होती, सुरकुतलेली, अजून कणखर, आणि त्यांत काही म्हणजे काही जोर नव्हता. त्यानं 'त' काढला. काना काढला. समोर टाळ्या सुरू झाल्या. 'न' झाला, 'ब' झाला, आणि त्याला दिसत होतं की हे अक्षर तिचं नाही. हे त्याचं आहे, फळ्यावर लिहून लिहून उतरतं झालेलं, मास्तराचं. नवऱ्याचं नाव, आडनाव, शेवटच्या मात्रेपर्यंत तो तिचा हात ओढत नेत गेला. मोबाईलचे दिवे लखलखले. पाहुण्यांनी रुमाल काढून डोळे टिपले. म्हणाले, "ज्या आईनं बोट धरून चालायला शिकवलं, तिचा हात धरून लेकानं... यापेक्षा मोठं काय असतं?" लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मॅडमनी दुरूनच त्याच्याकडं बघून मान हलवली. करार झाला होता.

टाळ्या ओसरल्यावर त्यानं हात सोडला. तानाबाई कागदापाशीच उभी होती. तिनं चष्मा नीट केला, कागदावरच्या त्या हातभर काळ्या अक्षरांकडं तोंड केलं आणि अख्ख्या सभागृहाला ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात विचारलं, "कुणाचं नाव लिवलंस रं?"

सगळं सभागृह कौतुकानं हसलं. "सांगा, सर, सांगा आईंना," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी ध्वनिक्षेपक कृष्णातच्या तोंडापुढं धरला. आई त्याच्याकडं बघत वाट पाहत होती. कृष्णातनं एकेका अक्षराखाली बोट ठेवून तिला तिचं नाव वाचून दाखवलं.